तिसऱ्या रॅकचा कागद

१० जानेवारी

ताई,

तुझं पत्र आज मिळालं. इथे केंद्रात टपाल रोज येतं, पण वाटप शनिवारीच, तेही समुपदेशक बाईंनी आधी वाचून. 'तिथलं जेवण बरं असेल' असं तू लिहिलंस ते वाचून त्या खूश झाल्या. बरं नाहीये. आमची जाणारी पत्रं मात्र त्या वाचत नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एकाहत्तर दिवस झाले, एकही गोळी नाही. पहिले दहा दिवस अंग मोडून निघालं, ते तुला ठाऊक आहे, तूच मला इथे आणून सोडलंस. आता तसं काही होत नाही. ज्या पाठीसाठी त्या गोळ्या सुरू झाल्या ती पाठसुद्धा दुखत नाही. सकाळी कवायत, दुपारी पाकिटं चिकटवणे. सोळा वर्षं चार रंगांचं छपाईचं मशीन चालवलेला माणूस बोटाने खळ लावत बसतो आणि सगळे म्हणतात, छान प्रगती आहे.

गेल्या बुधवारी आमचे मालक भेटायला आले. प्रेसमधून तडक आले होते, हात नीट धुतलेले नव्हते. त्यांनी हात पुढे केला आणि मला शाईचा वास आला. शाईचा आणि रोलर पुसायच्या थिनरचा. पुढे ते काय बोलले ते एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही. माझा उजवा हात पँटच्या खिशात गेला होता आणि गोळ्यांची पट्टी चाचपत होता. तिथे पट्टी नाही हे मला माहीत होतं. हात ऐकत नव्हता.

मालकांनी माझं मशीन एक एप्रिलपर्यंत बदली माणसाकडे दिलंय, हे नंतर बाईंकडून कळलं. तोवर मी उभा राहिलो नाही तर ते त्या माणसाचं. आणि त्याच वासात मला रोजचे नऊ तास काढायचेत. बाई म्हणतात, दुसरं काम बघा. चाळिशीत काय बघू? मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगू का, दुसरं काही आवडतही नाही.

अकरा वर्षं तू प्रयोगशाळेत उंदरांना व्यसन लावतेस आणि सोडवतेस. काहीतरी सापडलं असेल की. ते सांग. उपदेश नको, तो इथे फुकट मिळतो.

खिळ्या

१६ जानेवारी

खिळ्या,

चार वर्षांचा असताना बाबांच्या छापखान्यातला शिशाच्या अक्षराचा खिळा गिळून तू हे नाव कमावलंस. तेव्हाही आधी गिळलास आणि मग मला विचारलंस, "ताई, आता काय होईल?" तुझी पद्धत बदललेली नाही.

विचारतोयस तर ऐक. आपला मेंदू गांज्यातल्या द्रव्याच्या जातीचं एक द्रव्य स्वतःच तयार करतो. त्या सगळ्या यंत्रणेला कॅनाबिनॉइड यंत्रणा म्हणतात. मेंदूतले बाकीचे बहुतेक निरोप सांगणाऱ्या पेशीकडून ऐकणाऱ्या पेशीकडे जातात. हा निरोप उलटा जातो. ऐकणारी पेशी सांगणारीला म्हणते, बास, जरा हळू. गरज पडेल तेव्हा तिथल्या तिथे हे द्रव्य बनतं आणि काम झालं की विरतं. आपल्यात सुखाची ओढ लावणाऱ्या काही पेशी आहेत, त्यांच्यावर एक ब्रेक असतो. हे द्रव्य तो ब्रेक सैल करतं. तुझ्या गोळ्या वेगळ्या जातीच्या, अफूच्या, पण ओढ लागायची वाट शेवटी इथूनच जाते.

माझे उंदीर एक दांडी दाबतात, वर एक दिवा लागतो आणि नळीतून त्यांना तुझ्याच गोळीच्या जातीचं औषध मिळतं. मग ते औषध बंद करायचं. काही आठवड्यांनी उंदीर दांडीचा नाद सोडतो. सगळे म्हणतात, छान प्रगती आहे. आणि मग एक दिवस नुसता दिवा लावायचा. उंदीर धावत जाऊन दांडी दाबत सुटतो, काही मिळत नसलं तरी. मालकांचा हात हा तुझा दिवा आहे. तुझी इच्छाशक्ती कमी पडली वगैरे कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठव.

आता कामाचं. ते द्रव्य ज्या कुलपात जाऊन बसतं त्या कुलपात आपण मेण भरतो, म्हणजे तसं औषध देतो. नोव्हेंबरपासून माझ्या पिंजऱ्यांच्या तिसऱ्या रॅकला ते चालू आहे. दिवा लावला, सहापैकी एकही उंदीर दांडीकडे गेला नाही. दुसऱ्या रॅकला नुसतं मिठाचं पाणी देतो, तिथे सहाच्या सहा धावले. मी इतका स्वच्छ निकाल अकरा वर्षांत पाहिलेला नाही.

आमच्या शेजारच्या रुग्णालयात याच घराण्यातल्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू होतेय. बारा मार्चला भरती. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. सोबत फॉर्म आहे, नीट भरून पाठव. एप्रिलला तू मशीनवर असशील.

ताई

२४ जानेवारी

ताई,

फॉर्म भरतोय. हे असं काही आहे आणि तू मला आजवर सांगितलं नाहीस याचा राग गिळून भरतोय.

पण तू फॉर्मसोबत पाठवलेली चाचणीची माहितीपुस्तिका मी छापखानेवाल्यासारखी वाचली, म्हणजे बारीक टाइपसकट. नवव्या पानावर लिहिलंय की याच घराण्यातलं एक औषध पूर्वी वजन उतरवायला निघालं होतं आणि घेणाऱ्यांची मनं खचायला लागली, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार आले, म्हणून ते मागे घ्यावं लागलं. हे तुझ्या पत्रात नव्हतं. विसरलीस म्हणावं तर तू माझ्या जन्माची वेळसुद्धा विसरत नाहीस.

म्हणून एक विचारतो. ही कुलपं फक्त त्या ओढीच्याच दाराला आहेत, की घरभर? आणि जे उंदीर दांडीकडे जात नाहीत ते दिवसभर करतात काय? आमच्याकडे एखादं मशीन आवाज करायचं थांबलं की नवे लोक म्हणतात, दुरुस्त झालं. जुना माणूस आधी बघतो की ते फिरतंय का.

माझी कतरण अजून वापरतेस ना? कटिंग मशीनखालच्या पांढऱ्या पट्ट्यांची पोती सहा वर्षं मी स्वतः भरून तुझ्या उंदरांना पाठवली. ते त्यात घर करतात म्हणालीस तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं.

खिळ्या

३० जानेवारी

खिळ्या,

मी तुझ्यासाठी जिवाचं रान करतेय आणि तू नवव्या पानावर अडलास. तो भाग मी लिहिला नाही, कारण ते औषध जुनं होतं आणि हे नवं आहे, आणि तुला नाही म्हणायला निमित्त लागतं हे मला चांगलं ठाऊक आहे. पाठीचा व्यायाम तू याच पद्धतीने टाळलास आणि गोळ्यांवर गेलास.

कुलपं घरभर आहेत. भूक, झोप, आठवण, भीती, सगळीकडे. म्हणून तर डोस मोजून देतात.

उंदीर दिवसभर काय करतात? झोपतात. ते उंदीर आहेत, त्यांना छंद नसतात. तुझी कतरण नाही वापरत. तू केंद्रात गेलास आणि पोती यायची बंद झाली. तेव्हापासून बाजारातला मऊ कागद घालतो आणि तो त्यांना आवडत नाही. पिंजरे धुणाऱ्या मावशी रोज माझं डोकं खातात की तिसऱ्या रॅकचा कागद जसाच्या तसा बाहेर येतो, घडीसुद्धा मोडलेली नसते, मग घालायचा कशाला. आता त्यांना काय सांगू, की माझा भाऊ बरा होऊन कामावर गेला की चांगला कागद येईल?

फॉर्म पाठव. शेवटची तारीख वीस फेब्रुवारी आहे.

ताई

७ फेब्रुवारी

ताई,

फॉर्म काल गेला. सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून मोकळा झालो. मधुमेह नाही, फिट नाही, पूर्वी उदासीचा आजार नाही, घरात कुणाला नाही.

आता तुझं पत्र. मी ते चार वेळा वाचलं. दुसऱ्या रॅकला कुठला कागद घालता? तोच ना? मग मावशी दुसऱ्या रॅकची तक्रार का करत नाहीत? एकाच गठ्ठ्यातला कागद दोन मशीनवर लावला आणि एकाच मशीनवर चुरगळला, तर मी कागदवाल्याला शिव्या घालत नाही. हे बाबांनी मला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलंय. तू तर शिकून सवरून एवढी मोठी झालीस. मावशींना दिसतं ते तुला दिसत नाही?

तुला वाटेल मी निमित्त शोधतोय. उलट आहे. मला ते औषध तरीही हवंय. माझी बायको गेल्या रविवारी आली होती. मी बाथरूमला गेलो तर तेवढ्यात तिने माझी उशी उलटून बघितली. परत आलो तेव्हा उशी सरळ होती, पण अभ्रा उलटा. या असल्या जगण्यापेक्षा मी कागद न फाडणारा उंदीर व्हायला तयार आहे. मला घर नको, मला फक्त तो हात खिशात जायला नकोय.

पण तू डोळे उघडे ठेवून मला पाठव. डोळे मिटून नको.

खिळ्या

२ मार्च

खिळ्या,

तीन आठवड्यांनी लिहितेय.

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मग तुमच्या प्रेसमध्ये गेले. मालकांनी काही न विचारता एक पोतं भरून दिलं. तुझ्या मशीनवर तो बदली माणूस होता, रोलरवर शाई फिरत होती. तो वास माझ्या साडीला घरी येईपर्यंत होता. तू त्यात रोज उभा राहायचास हे मला माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

कतरण वाफेवर निर्जंतुक केली आणि दोन्ही रॅकला सारखी मोजून घातली. दुसऱ्या रॅकने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरटी केली, कडा उभ्या, मध्ये खोलगट, अगदी वाटीसारखी. तिसऱ्या रॅकला आठ दिवस झाले. कतरण मी टाकली तशीच पडलेली आहे. उंदीर बाजूला उघड्या जाळीवर बसून असतात. ते झोपत नव्हते, खिळ्या. मी तुला खोटं सांगितलं असं नाही, मी कधी बघितलंच नव्हतं. मला फक्त दांडीचे आकडे हवे होते आणि ते छान येत होते.

नोंदवहीत एकवीस नोव्हेंबरला माझ्या अक्षरात लिहिलंय: 'कागद बदलल्यामुळे घरटी नाहीत.' औषध सुरू करून तेव्हा सात दिवस झाले होते. दुसरा रॅक त्याच बेकार कागदाची जमेल तशी घरटी करत होता. एखाद्या विद्यार्थिनीने अशी नोंद केली असती तर मी तिला उभं केलं असतं. तू केंद्रात होतास आणि मला औषध हवं होतं, बाकी कारण नाही.

आता पुढचं वाच आणि मग जे म्हणायचं ते म्हण.

बाबा गेले तेव्हा तू चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतास. जेवण मी भरवायचे. 'उठून काय करू' एवढंच बोलायचास. एकदा मी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली, ते तुला आठवत नसेल. फॉर्मवर तू 'पूर्वी उदासीचा आजार नाही' असं लिहिलंस. मी काल त्या डॉक्टरांना जाऊन खरं ते सांगितलं. त्यांनी यादीतून तुझं नाव काढलं.

तुला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.

ताई

७ मार्च

ताई,

बाईंनी पत्र हातात देताना माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच समजलो.

तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती तू स्वतः दिलीस, अशी-तशी नाही, फॉर्म पाठवून, तारखा देऊन, आणि पाच दिवस उरले असताना काढून घेतलीस. उंदीर तुझे आहेत. त्यांना औषध द्यायचं की नाही ते तू ठरव. मी तुझा उंदीर नाही. माझ्या गच्चीची किल्ली अजून तुझ्याच कमरेला आहे, हे मला आज कळलं.

एक एप्रिलला मी मशीनवर जाणार. औषधाशिवाय. काही झालं तर तुझ्या नोंदवहीत लिहून ठेव, कागद बदलला होता म्हणून.

मला पत्र पाठवू नकोस.

२० एप्रिल

खिळ्या,

पाठवू नको म्हणालास, तरी पाठवतेय. तुझी बायको म्हणाली तू कामावर जातोस, घरी आल्यावर बोलत नाहीस. मी फोन केला की तू अंघोळीला गेलेला असतोस. इतकी अंघोळ तू लहानपणी केली असतीस तर आईला बरं वाटलं असतं.

माफी मागत नाही, कारण तेच परत करीन. पण तुला न विचारता केलं, हे चुकलं. मी तुझ्यासमोर बसून, तुझ्या शिव्या ऐकत ते करायला हवं होतं.

उंदरांचं सांगते, ते कळायचा तुझा हक्क आहे. तीन मार्चला तिसऱ्या रॅकचं औषध बंद केलं. नवव्या दिवशी पहिल्या उंदराने कतरणीची एक पट्टी ओढून कोपऱ्यात नेली. मावशींनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. दोन आठवड्यांत सहाही पिंजऱ्यांत घरटी झाली. मला इतका आनंद झाला की मी लगेच दिवा लावून बघितला. सहापैकी चार धावत दांडीकडे गेले.

हे माझं अकरा वर्षांचं काम. मेण भरलं की ओढ जाते आणि घरटंही जातं. मेण काढलं की दोन्ही परत येतात. यातलं एक ठेवून दुसरं कसं काढायचं ते मला येत नाही. विभागप्रमुख म्हणाले, घरटी हा आपला प्रश्न नाही, दांडीचे आकडे छापा. रुग्णालयाची चाचणी चालू आहे. मी घरट्यांचं त्यांना लेखी कळवलं, त्यांनी पोच पाठवली. आजकाल मी दिवसभर कुणावर तरी खेकसत असते, आणि तुझ्यासाठी माझ्या हातात काहीही नाही. काहीही. एवढंच सांगायला हे पत्र.

ताई

३ जून

ताई,

राग गेलेला नाही. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून गैरसमज नको.

एक एप्रिलला गेलो. मालकांनी पहिले पंधरा दिवस कटिंगला बसवलं, शाईपासून लांब. मग मशीन दिलं. पहिल्या दिवशी शाईच्या डब्याचं झाकण उघडलं आणि वास आला, आणि हात गेला. खिशापर्यंत गेला आणि अडला. बायकोने माझ्या सगळ्या पँटींचे खिसे शिवून टाकलेत, चांगले दुहेरी टाके घालून. मला न विचारता. तुम्हा दोघींची शाळा एकच दिसते. हात दिवसातून वीस-बावीस वेळा जातो, टाक्यांवर बोटं फिरवतो आणि परत कामाला लागतो. रुमाल आणि किल्ल्या मी दोरीने गळ्यात अडकवतो, प्रेसमधले हसतात.

तुझं एप्रिलचं पत्र आलं त्या आठवड्यात मी औषधाच्या दुकानात गेलो आणि गोळी घेतली. एक. खिसा नव्हता म्हणून मुठीत धरून आणली आणि मशीनमागे उभं राहून गिळली. तुझ्या पत्रामुळे नाही, तसं मनात आणू नकोस. त्या दिवशी ताव स्वच्छ येत होते, चारही रंग एकावर एक बरोबर बसले होते, मी खुशीत होतो. खुशीत असताना घेतली, हे सगळ्यात जास्त डोक्यात जातं. संध्याकाळी बायकोला सांगितलं, दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं, आज तुला सांगतो. त्याला एकेचाळीस दिवस झाले.

आता तुझ्या उंदरांचं. सहापैकी चार दांडीकडे गेले असं तू लिहिलंस आणि कपाळाला हात लावून बसलीस. मी ते पत्र जेवणाच्या सुट्टीत परत परत वाचतो, आणि दर वेळी तुझा राग येतो. बाकीच्या दोघांचं काय झालं? त्यांच्या कुलपात मेण नव्हतं. दिवा तोच, दांडी तीच, घरटंही बांधलेलं. तरी ते गेले नाहीत. दिवा लागला तेव्हा ते काय करत होते? बसून होते? कागद ओढत होते? दांडीकडे बघून परत फिरले? अकरा वर्षं तू जाणाऱ्यांचे आकडे लिहितेस. न जाणारा काय करतो ते तुझ्या वहीत एका ओळीनेही नाही, आणि मला तेवढंच हवंय. मावशींना विचार, त्यांनी बघितलं असेल.

उद्या मालकांच्या गाडीतून एक पोतं येईल. कतरण मीच भरलीय. शाई लागलेल्या पट्ट्या वेचून काढल्यात, वेळ लागला.

आधी तिसऱ्या रॅकला घाल.

खिळ्या